लेकीने नातवंडांना शाळेतून काढलं, आता मी गप्प बसू का?

पत्र थोडक्यात असं आहे. एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका लिहितायत. उभं आयुष्य वर्गात गेलं. लेक आणि जावई दोघंही शिकलेले, विचारी. त्यांनी काही महिन्यांपूर्वी दोन्ही मुलांना शाळेतून काढलं, नात 10 वर्षांची आणि नातू 7 वर्षांचा. नातीचं रोज सकाळी पोट दुखायचं, डॉक्टरांच्या तपासण्यांत काही निघालं नाही. नातू वाचनात मागे, वर्गात त्याला सगळ्यांसमोर 'मंद' म्हटलं गेलं. लेकीने नोकरी अर्ध्या वेळेवर आणली आणि आता ती मुलांना घरीच शिकवते. बाई विचारतायत की एवढं शहाणं कुटुंब असा निर्णय का घेतं. मुलं एकलकोंडी होतील, शिस्त लागणार नाही, दहावीचं काय करणार, आणि लेकीकडे शिकवण्याची पदवी नाही तर ती शिकवणार काय? 'मी तिला एकदा विचारलं, तू शाळेतच शिकलीस ना, तुझं काय वाईट झालं? तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतंच बोलते. आमचे हे म्हणतात तू गप्प बस. मी गप्प बसू, की हट्ट धरून मुलांना परत शाळेत घालायला लावू?'

बाई, नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण त्यात काळजी जितकी आहे तितकंच दुखावलेपणही आहे आणि ते तुम्ही कुठे उघड लिहिलेलं नाही. ज्या कामात आपण आयुष्य घातलं तेच काम आपल्या पोटच्या मुलीला नको झालं असं तुम्हाला वाटतंय. म्हणून तो प्रश्न तुमच्या तोंडून निघाला, 'तुझं काय वाईट झालं?' आणि लेकीला तो कसा ऐकू आला असेल बघा, तिला वाटलं असणार की आई आपल्या शाळेची बाजू घेतेय आणि माझ्या पोरीच्या पोटदुखीचं तिला काही पडलेलं नाही. दोघींनीही एकमेकींचं बोलणं चुकीच्या जागी लावून घेतलंय. तिने जो निर्णय घेतला तो शाळा या गोष्टीबद्दल नाही, तुमच्याबद्दल तर मुळीच नाही, तो दोन मुलांबद्दल आहे, एक जिचं पोट दुखायचं आणि एक ज्याला मंद म्हटलं गेलं. हे आधी मनाशी पक्कं करा, नाहीतर पुढचं काहीही बोलायला गेलात तरी भांडण त्याच जागी येऊन थांबेल.

आता तुमचा मूळ प्रश्न, कुटुंब असं का करतं. याचं एक उत्तर नाही, आणि बहुतेक घरांत एकच कारणही नसतं. अमेरिकेत सरकार ठराविक वर्षांनी घरी शिकवणाऱ्या पालकांना कारणं विचारतं. 2019 च्या पाहणीत सुमारे 80 टक्के पालकांनी शाळेतल्या वातावरणाची काळजी हे एक कारण सांगितलं, म्हणजे सुरक्षितता, व्यसनं, बरोबरच्या मुलांचा वाईट दबाव. साधारण तीन चतुर्थांश पालकांनी संस्कार आणि कुटुंबाला एकत्र मिळणारा वेळ ही कारणं दिली, आणि शिकवण्याच्या दर्जाबद्दल नाराजी सांगणारे 73 टक्के होते. एकाच पालकाला अनेक कारणं सांगता येत होती म्हणून आकड्यांची बेरीज शंभरावर जाते. पण मला त्यातलं महत्त्वाचं हे वाटतं की शिकवणं वाईट आहे हे कारण सगळ्यात वर नाही. आधी येतं ते मुलाला तिथे कसं वाटतं, तिथे त्याचं काय होतं. तुमच्या लेकीच्या बाबतीतही मला तेच दिसतंय, तिने कुठे म्हटलंय की शिक्षकांना गणित शिकवता येत नाही?

बाकीची कारणंही असतात. सतत बदल्या होणारी घरं असतात, दर दोन वर्षांनी नवी शाळा, नवी भाषा. खेळात किंवा गाण्यात दिवसाचे चार-पाच तास घालणारी मुलं असतात. आजारी मुलं असतात, ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, शांत बसणं अवघड जाणं) असलेली मुलं असतात ज्यांना चाळीस जणांच्या गोंगाटात बसणंच सोसत नाही. उलट वर्गाच्या खूप पुढे गेलेली आणि म्हणून कंटाळून खोड्या काढणारीही असतात. काही पालक धर्मामुळे करतात, काही अगदी उलट बाजूने, मुलावर कुणीच काही लादू नये म्हणून अनस्कूलिंग करतात, म्हणजे ठरलेला अभ्यासक्रमच ठेवत नाहीत, मूल ज्याच्या मागे लागेल तेच शिकणं. आणि एक सांगू का, या विचाराला ज्यांनी मोठं केलं ते जॉन होल्ट स्वतः वर्गात शिकवणारे मास्तर होते. अनेक वर्षं त्यांनी शाळा सुधाराव्यात म्हणून लिहिलं, बोलले, आणि मग 1977 मध्ये घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी एक छोटं नियतकालिक सुरू केलं. म्हणजे हा विचार शाळेचा द्वेष करणाऱ्या लोकांनी बाहेर बसून काढला असं नाहीये, त्यातला बराचसा वर्गातच जन्मला, मुलांकडे नीट बघणाऱ्या शिक्षकाच्या डोक्यात. तुम्हीही तुमच्या वर्गात अशी मुलं पाहिली असणारच ज्यांना त्या बाकावर बसवणं तुमच्याच जिवावर यायचं.

2020 चाही यात हात आहे. युनेस्कोच्या आकड्यांप्रमाणे त्या वर्षी एका टप्प्यावर जगातल्या 150 कोटींहून जास्त विद्यार्थ्यांच्या शाळा बंद होत्या. ते होमस्कूलिंग, म्हणजे पालकांनी ठरवून घरी शिकवणं, नव्हतं हे मी मुद्दाम सांगते, ती संकटातली शाळा होती, घरात कोंबलेली, आणि त्यात मुलांचं नुकसानच जास्त झालं. पण पालकांना पहिल्यांदा दिसलं की आपलं मूल शिकताना कसं दिसतं. काहींना कळलं की हे आपल्याच्याने होणार नाही, शाळा उघडताच त्यांनी सुटकेचा श्वास टाकला. आणि थोड्या घरांत असं झालं की रोज रडणारं मूल शांत झोपायला लागलं आणि आई-बापांना ते विसरता आलं नाही.

आता तुमच्या नातीकडे येते, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त विचार तिच्याबद्दल करायला हवा आणि नेमकं तिच्याबद्दल पत्रात एकच ओळ आहे. तपासणीत काही निघालं नाही याचा अर्थ ती नाटक करत होती असा नाही. काळजीने दुखणारं पोट खरोखर दुखतं. प्रश्न हा आहे की ते कशामुळे दुखत होतं. सुट्टीत दुखायचं का? रविवारी? परीक्षेच्या आधी जास्त, की खेळाच्या तासाच्या दिवशी? शाळेतल्या बाथरूमला जायची भीती, एखाद्या मैत्रिणींच्या घोळक्याने वाळीत टाकणं, एखाद्या शिक्षकाचा आवाज, बसमधला कोणी मोठा मुलगा, यातलं काहीही असू शकतं आणि प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. तिला कुणी त्रास देत असेल आणि शाळा लक्ष देत नसेल तर तिला तिथून काढणं म्हणजे पळपुटेपणा नाही, ते संरक्षण आहे, कुठल्याही आईने ते करावं. पण जर ती मुळातच घाबरणारी मुलगी असेल, सगळ्यांसमोर बोलायची, चुकायची, आईपासून लांब राहायची भीती असेल, तर घरी राहिल्याने तिला लगेच बरं वाटेल आणि तेवढ्यानेच भीती जास्त घट्ट होईल, कारण मनाला सवय लागते की टाळलं की सुटका. अशा भीतीवर मानसोपचारात सहसा थोडं थोडं करून त्या गोष्टीला सामोरं जायला शिकवतात. ते घरी शिकूनही करता येतं, तिला गटात नेऊन, एकटीने दुकानात पाठवून, अनोळखी शिक्षकाकडे काही शिकायला घालून, पण ते ठरवून करावं लागतं, आपोआप होत नाही. लेकीशी बोलायचा तुमचा सगळ्यात खरा मुद्दा हा आहे, बाई. शाळा सोडलीस का, हा नाही. तिला कशाची भीती होती हे कळलं का, हा.

नातवाचं वेगळं आहे. 7 व्या वर्षी वाचनात मागे असणं आणि मंद असणं यांचा काही संबंध नाही हे तुम्हाला मी सांगायला नको. जगात कितीतरी ठिकाणी मुलं 7 व्या वर्षी पहिलीत जातात, फिनलंडमध्ये तसंच आहे. पण म्हणून 'येईल आपोआप' म्हणून सोडूनही देऊ नये. डोळे आणि कान तपासून घ्यावेत, आणि डिसलेक्सिया, म्हणजे बुद्धी चांगली असूनही अक्षरं-शब्द वाचायला जड जाणं, आहे का याची तपासणी या वयात नीट होते. मूल घरी शिको की शाळेत, ही तपासणी टाळायचं कारण नाही, आणि होमस्कूलिंग करणाऱ्या काही घरांत नेमकी हीच टाळाटाळ होते, लेबल नको म्हणून. मला पालकांची ती भीती समजते, एक लेबल आधीच लागलंय पोराला. पण खरं नाव कळलं की खोटं नाव गळून पडतं, आणि डिसलेक्सिया असेल तर अक्षर-ध्वनी क्रमाने, पुन्हा पुन्हा, पद्धतशीर शिकवावं लागतं, नुसती गोष्टींची पुस्तकं आजूबाजूला ठेवून भागत नाही.

तुम्ही म्हणता लेकीकडे पदवी नाही. हे अर्धं बरोबर आहे. चाळीस मुलांना एकाच वेळी शांत बसवून, पुढच्याला कंटाळा येऊ न देता आणि मागच्याला सोडून न देता शिकवणं ही तुमची विद्या आहे, ती तिच्याकडे नाही, पण तिला ती लागणारही नाही. तिच्यासमोर दोन मुलं आहेत. बेंजामिन ब्लूम या शिक्षणतज्ज्ञाने 1984 मध्ये दाखवलं होतं की एकास एक शिकवलं तर साधारण विद्यार्थी नेहमीच्या वर्गातल्या जवळपास 98 टक्के मुलांच्या पुढे जातो. नंतरच्या अभ्यासांत फरक एवढा मोठा आला नाही, आणि ब्लूमच्या प्रयोगात शिकवण्याची पद्धतही काटेकोर होती, एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची घ्यायची नाही अशी. पण दिशा तीच राहिली, समोर एकच मूल असलं की शिकवणं सोपं होतं आणि वेळ कमी लागतो. तुम्हीच आठवून बघा, हजेरी, रांगा, वह्या गोळा करणं, 'बाई याने मला मारलं', हे सगळं वजा केलं तर एका तासिकेत खरं शिकवणं किती मिनिटं चालायचं. म्हणून घरी शिकणारी लहान मुलं दोन-अडीच तासांत दिवसाचा अभ्यास उरकतात तेव्हा तो आळस नसतो.

जिथे पदवी नसल्याचं खरंच जाणवतं ती जागा पुढे येते, सातवी-आठवीनंतर, जेव्हा बीजगणित आणि विज्ञान घरातल्या कुणालाच नीट येत नसतं आणि आई-बाबा ते कबूल करत नाहीत. तेव्हा बाहेरून मदत घ्यायची तयारी लागते. आणि वाचनाची अडचण असेल तर आत्ताच लागते. तिथे तुम्ही कामाच्या आहात, पण त्याबद्दल थोड्या वेळाने.

एकलकोंडेपणाबद्दल. हा प्रश्न होमस्कूलिंग करणाऱ्यांना इतक्या वेळा विचारला जातो की ते ऐकूनच चिडतात, तुमची लेकही चिडली असेल. शाळेत एकाच वयाची पुष्कळ मुलं रोज भेटतात हे खरं, पण भेटणं आणि मैत्री असणं एक नाही, तुमची नात त्या सगळ्या गर्दीत एकटीच नव्हती ना? घरी शिकणारी मुलं समाजात मागे पडत नाहीत असं सांगणारे अभ्यास आहेत, पण त्यांतल्या बऱ्याच अभ्यासांत स्वतःहून पुढे आलेली, चांगलं चाललेली कुटुंबंच असतात, ज्यांचं बिनसलंय ती फॉर्म भरायला येत नाहीत, म्हणून मी त्यांच्यावर फार भार टाकणार नाही. तुमच्या मनातली भीती अगदी निराधार आहे असं मी म्हणत नाही. शाळा जे फुकट देते ते घरी मेहनतीने उभं करावं लागतं. महिन्यातून एकदा म्युझियम बघायला गेलो की झालं असं नाही, तीच तीच मुलं परत परत भेटायला हवीत, भांडायला आणि परत बोलायला वेळ मिळायला हवा, आणि आई सतत बाजूला उभी नको. रोज संध्याकाळचं मैदान असो, पोहण्याची बॅच असो, नाटकाचा ग्रुप असो, ठरलेले दिवस आणि ठरलेली मुलं.

अजून एक गोष्ट शाळा देते जिच्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही, ती म्हणजे घराबाहेरचा एक मोठा माणूस जो मुलाकडे रोज बघतो. मूल सुकलंय, घाबरलंय, अंगावर वळ आहेत, हे कित्येकदा शिक्षकालाच पहिल्यांदा दिसतं. तुमच्या लेकीच्या घरात असं काही आहे असं मी अजिबात सुचवत नाहीये. पण जे कोणी हा निर्णय घेतायत त्या सगळ्यांनीच हे पाळावं असं मला मनापासून वाटतं, की प्रत्येक मुलाच्या आयुष्यात आई-बाबांखेरीज एक-दोन विश्वासाची मोठी माणसं असावीत, कोच, गाण्याची शिक्षिका, कोणीही, ज्यांच्याशी ते एकटं बोलू शकेल.

दहावीची काळजी मात्र बरीचशी सोडून द्या. पण आधी कायदा बघायला सांगा, कारण तो देशादेशांत फार वेगळा आहे. जर्मनीत मुलाने शाळेत जाणं सक्तीचंच आहे आणि युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये एका कुटुंबाच्या खटल्यात सरकारच्या बाजूने निकाल दिला. स्वीडनमध्ये 2011 पासून फक्त अगदी अपवादात्मक परिस्थितीत परवानगी मिळते, फ्रान्समध्ये 2022 पासून आधी मंजुरी घ्यावी लागते. इंग्लंडमध्ये उलट 1996 च्या शिक्षण कायद्यातच शाळेत किंवा अन्य मार्गाने शिक्षण देण्याची मुभा आहे, आणि अमेरिकेत 1993 पासून सगळ्या 50 राज्यांत हे कायदेशीर आहे, फक्त नियम राज्याराज्यांत कमी-जास्त कडक. भारतात 2009 चा शिक्षण हक्क कायदा 6 ते 14 वयाच्या मुलांना शाळेत दाखल करण्याचं कर्तव्य पालकांवर टाकतो, पण न केल्यास पालकांना शिक्षा त्या कायद्यात सांगितलेली नाही, आणि घरी शिकणारी बरीच मुलं एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून दहावी देतात, त्यासाठी किमान वय 14 वर्षं लागतं. केंब्रिज या आंतरराष्ट्रीय बोर्डाच्या परीक्षाही प्रायव्हेट विद्यार्थी म्हणून, म्हणजे शाळेत नाव नसताना, देता येतात. म्हणजे वाट आहे. फक्त शाळा सोडल्याचा दाखला, प्रगतिपुस्तकं, जन्माचा दाखला हे एका फाईलमध्ये नीट ठेवायला सांगा, आणि मुलं वर्षभर काय शिकली याची साधी नोंद, तारखेसकट, वह्या आणि फोटो ठेवायलाही सांगा. कधी परत शाळेत जायची वेळ आली तर तेच हातात असतं.

या सगळ्यात मला ज्या व्यक्तीची सगळ्यात जास्त काळजी वाटतेय ती तुमची लेक आहे. नोकरी तिने अर्ध्या वेळेवर आणली, जावयांनी नाही. शिकवते ती, उरलेली नोकरी करते ती, घरही बहुतेक तीच बघत असेल, आणि वरून सगळ्या नातेवाइकांना उत्तरंही तीच देते. होमस्कूलिंग बिघडतं ते बहुतेक वेळा मुलांना गणित न आल्यामुळे नाही, आई थकल्यामुळे बिघडतं. दिवसभर आईच बाई आणि बाईच आई, मुलांना दोघींपैकी एकीवर रागवायचीही सोय राहत नाही. जावई काय शिकवतात? आठवड्यात कुठले तास त्यांचे आहेत? तिला एकटीला किती वेळ मिळतो? हे प्रश्न तुम्ही विचारलेत तर ती तुमच्याकडे वेगळ्या नजरेने बघेल, कारण आत्तापर्यंत तिला सगळ्यांनी मुलांबद्दलच विचारलंय, तिच्याबद्दल कुणी नाही. (जावयांशीही बोला, पण लेकीला सांगून, तिच्या मागे नको.)

तर मग गप्प बसायचं की हट्ट धरायचा? हट्ट धरलात तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, लेक ऐकणार नाही आणि तुमचं येणं-जाणं कमी होईल, मग मुलांच्या आयुष्यातला एक अनुभवी मोठा माणूस कमी झाला. दोन, ती दबावाखाली ऐकेल, आणि नात परत त्याच शाळेत त्याच कारणाकडे जाईल जे कुणी शोधलंच नाही. यातलं काहीच मला नको वाटतं. पण गप्प बसणंही मला पटत नाही, तुमच्या यजमानांचा हेतू शांततेचा आहे हे समजतं, तरी तुम्ही गप्प बसलात तर तो गप्पपणा तुमच्या चेहऱ्यावर दिसत राहणार, आणि लेकीला तो नापसंतीच वाटणार. तिसरं करा, आत जा, पण ताबा घेऊ नका.

म्हणजे नेमकं काय, ते सांगते. पहिलं, त्या प्रश्नाबद्दल तिला सरळ सांगा. 'मी जे विचारलं ते मला वाईट वाटलं म्हणून विचारलं, तुझी परीक्षा घ्यायची म्हणून नाही. आता मला खरंच जाणून घ्यायचंय, हिचं पोट कधीपासून दुखायला लागलं?' आणि मग ऐका, मध्ये उपाय सुचवू नका, निदान त्या दिवशी तरी नको. दुसरं, घरात शिरल्या शिरल्या मुलांची परीक्षा घेणं पूर्ण बंद. सात आठे किती, राजधानी कुठली, हे आजी-आजोबा, काका-मामा सगळेच करतात, आणि शाळेतल्या मुलांना कुणी असं विचारत नाही हे घरी शिकणाऱ्या मुलांच्या लगेच लक्षात येतं. नातवाला तर हे चटका लागल्यासारखं वाटेल, तो आधीच एकदा सगळ्यांसमोर कमी ठरलाय.

तिसरं, काहीतरी एकच काम मागून घ्या. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, दोन तास. 'गुरुवारी दुपारी दोघं माझ्याकडे, तू तेवढ्यात झोप नाहीतर बाहेर जा, अभ्यास घेईन असं नाही, तू सांगशील ते करेन.' नातवाला मोठ्याने वाचून दाखवा, तो अडखळत वाचेल तेव्हा थांबा, शब्द लगेच पुरवू नका, आणि किती वाचलं याचा हिशोब लेकीला देऊ नका जोवर ती विचारत नाही. वाचन शिकवायची जी पद्धत तुम्हाला वर्षानुवर्षं वापरून माहीत आहे ती अशी हळूच तिच्यापर्यंत पोचेल, मग एक दिवस तीच विचारेल, आई तू हे कसं घेतेस? तोवर थांबा.

आणि पहिले काही महिने मुलं फारसं शिकताना दिसली नाहीत, नुसती लोळतायत, चित्रं काढतायत, तेच तेच खेळतायत असं दिसलं तर लगेच घाबरू नका. शाळेत त्रास झालेली मुलं बाहेर पडल्यावर काही काळ अशीच असतात, घरी शिकवणारे लोक याला डिस्कूलिंग म्हणतात. पण याला शेवट असावा. वर्ष उलटलं आणि अजून तेच चाललंय तर तो आराम राहिलेला नाही.

कधी ठामपणे बोलायचं तेही सांगते, कारण तुमच्याकडे नजर आहे आणि ती बंद ठेवा असं मी म्हणणार नाही. नात घराबाहेर पडायलाच तयार नसेल आणि ते दिवसेंदिवस वाढत असेल. नातवाच्या वाचनात सहा महिन्यांत काहीच हललं नसेल आणि तपासणीचं नाव काढलं की आई-बाबा विषय बदलत असतील. मुलांपैकी कुणी म्हणत असेल की मला शाळेत जायचंय आणि त्याला 'तुला कळत नाही' म्हणून गप्प केलं जात असेल. लेकीचा चेहरा उतरत चालला असेल. अशा वेळी दोघांना बसवून स्पष्ट बोला, तुम्हाला तो हक्क आहे.

लेक-जावयांना एक गोष्ट मात्र आत्ताच सुचवायला हरकत नाही, फक्त संबंध जरा सैल झाल्यावर सुचवा. हा निर्णय जन्माचा करू नका, वर्षाचा करा. वर्ष संपलं की चौघांनी बसायचं, मुलांनाही मत विचारायचं, काय जमलं, काय नाही, पुढे हेच की दुसरी लहान शाळा की काही दिवस शाळा आणि काही दिवस घर, जिथे तशी सोय असेल तिथे. आणि तोवर भाषा आणि गणित वयाच्या वर्गाच्या आसपास ठेवायचं, म्हणजे परतीचं दार उघडं राहतं. पुष्कळ कुटुंबं एक-दोन वर्षं घरी शिकवून परत शाळेत जातात. ज्या शाळेत त्रास झाला ती शाळा म्हणजे सगळ्या शाळा नाहीत, हे शेवटी तुमच्याकडे बघूनच तर तिला पटायला हवं, तुम्हीही कुणाच्या तरी चांगल्या बाई होतात.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या बाजूच्या पालकांनाही दोन शब्द, जे घरी शिकवतायत आणि ज्यांच्या घरी अशाच आजी, सासूबाई, मोठी बहीण आहे जी सारखी टोचते. तुमचं कारण तुम्ही त्यांना नीट सांगितलंय का? 'आम्हाला ही सिस्टिमच मान्य नाही' असं म्हटलं की समोरच्याला वाटतं आपलं सगळं आयुष्य मोडीत काढलं. 'हिचं रोज पोट दुखायचं आणि मला ते बघवेना' असं म्हटलं की तीच व्यक्ती तुमच्या बाजूला येऊन बसण्याची शक्यता खूप जास्त. मोठी तत्त्वं नंतर सांगा, खरं कारण आधी.

बाई, तुमच्यासाठी शेवटचं आणि हे सगळ्यात आधी करायचं. लेकीला भेटाल तेव्हा इतकंच विचारा की शाळा सोडल्यापासून नातीचं पोट दुखतं का. थांबलं असेल तर मग शाळेत काय होत होतं हे तिच्याकडून हळूहळू कळायला हवं, घाई न करता, खेळता खेळता, आणि तिला सांगता येत नसेल तर मुलांशी बोलणाऱ्या कौन्सेलरची मदत घ्या. पण घरी राहूनही दुखत असेल तर मग कारण शाळा नव्हतं किंवा एकटी शाळा नव्हती, तेव्हा तिला परत बालरोगतज्ज्ञांना दाखवायला सांगा आणि कौन्सेलरची वेळही त्याच आठवड्यात घ्या, शाळा की घर हा वाद तोवर बाजूला राहू दे.